डहाणूहून आणलेलं

पश्चिम रेल्वेच्या कडेनं वाढलेल्या आमच्या पिढीच्या घरांत डहाणूहून आलेली एखादी तरी वस्तू असायचीच. वसई, विरार, बोरिवली, पार्ले, कुणाच्याही घरी जा. स्वयंपाकघरात खिळ्याला सूप, मोरीपाशी तांदूळ धुवायची रोवळी, माळ्यावर चिकूची रिकामी करंडी आणि तिच्यात जपून ठेवलेल्या दिवाळीच्या पणत्या. पुढे ऐंशी सालाच्या मागेपुढे बाहेरच्या खोलीत गेरूच्या रंगाचं एक चित्र आलं. पांढऱ्या रेघांची माणसं, एकमेकांना धरून फेर धरलेली. त्याआधी त्या जागी कापडाच्या दुकानाचं कॅलेंडर लटकत असे.

आमची आत्या डहाणूला होती. डहाणू रोड स्टेशनपासून मल्याणच्या बाजूला त्यांचं बैठं घर, मागच्या अंगणात चिकूची झाडं. आतोबा शाळेत शिक्षक. काही वर्षं त्यांची नोकरी तलासरीलाही झाली. त्यामुळे मे महिना आणि दिवाळी या दोन्ही सुट्ट्या आम्हा सगळ्या भावंडांच्या तिथेच जात. हे लिहिताना मी ‘आम्ही’ म्हणते ते त्यामुळेच. कुठली आठवण माझी, कुठली धाकट्या चुलतभावाची आणि कुठली आतेबहिणीनं नंतर सांगितलेली, हे आता वेगळं काढता येत नाही, आणि काढावंसंही वाटत नाही.

खरेदीसाठी म्हणून प्रवास करायची पद्धत तेव्हा आमच्यासारख्या घरांत नव्हती. माणसं देवाला जात, लग्नाला जात, माहेरी जात. पण येताना रिकाम्या हातानं कुणी येत नसे. सावंतवाडीहून लाकडी फळं यायची, कोल्हापूरहून चपला, सोलापूरहून चादरी, येवल्याहून कुणाच्या नशिबात असली तर पैठणी. डहाणूहून यायचे चिकू आणि बांबूच्या जिनसा. नुसत्या शोभेची वस्तू घरात क्वचितच शिरायची. जे आणायचं ते वापरायचं, झिजेपर्यंत वापरायचं आणि झिजलं की शक्यतो त्याच माणसाकडून पुन्हा आणायचं.

चर्चगेटहून थेट डहाणूपर्यंत लोकल धावायला 2013चा एप्रिल उजाडावा लागला. आमच्या लहानपणी विरारला उतरायचं आणि शटलची वाट बघायची. वैतरणेचा पूल ओलांडला की हवा बदलल्यासारखी वाटे. सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर, वाणगाव. वाणगावनंतर ताडाची झाडं दाट व्हायला लागली की आम्ही सामान काढून दाराशी उभे. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की रस्त्याच्या कडेला बाजार. सकाळच्या पहिल्या एसटीनं किंवा पायी, डोक्यावर वस्तूंची चळत घेऊन पाड्यांवरच्या बाया खाली उतरलेल्या असत. सुपं, रोवळ्या, पाट्या, कोंबड्यांची डालगी, हिरांचे खराटे. मृगाच्या आधी गेलं तर इरली. मोसमाप्रमाणे करवंदं, जांभळं, ताडगोळे. विणलेलं बहुतेक वेळा नवऱ्यानं किंवा सासऱ्यानं असे, विकायला बाई येई.

आत्या सूप घ्यायची तेव्हा आम्ही भोवती उकिडवे बसायचो. आधी ती सूप उन्हाच्या दिशेनं वर धरायची. विणीतून उजेडाचा ठिपका दिसला की ते खाली. मग तळहात आतल्या अंगानं हळूच फिरवायचा, कूस लागते का बघायला. मग सूप फरशीवर ठेवून एका कोपऱ्यावर बोट दाबायचं. डगमगलं तर तेही बाजूला. शेवटी काठ. काठाची जाड कांबट ज्या बारीक पट्टीनं आवळलेली असते ती पट्टी नखानं उचकटून बघायची. सैल असली तर पहिल्याच पावसाळ्यात काठ सुटणार. विकणारी बाई हे सगळं शांतपणे बघत असे आणि मधेच स्वतःच एखादं सूप उचलून म्हणे, “बाय, हा घे. हा चांगला हाय.” आणि ते खरंच चांगलं असे.

घरी आणलेलं सूप लगेच वापरात येत नसे. जुने कागद भिजवून त्यांचा लगदा करायचा, त्यात भिजवून वाटलेली मेथी मिसळायची आणि तो लेप आतून-बाहेरून द्यायचा. दोन-तीन कडक उन्हं खाल्ली की फटी बुजतात आणि मेथीच्या कडवटपणामुळे किडा लागत नाही. हे काम आम्हा मुलींकडे. संध्याकाळी आतोबा काळ्या ऑइलपेंटमध्ये खराट्याची हीर बुडवून सुपाच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहीत. विणणाऱ्याचं नाव, पाडा, साल. आत्यानं बाजारातच विचारून ठेवलेलं असे, कुणी विणलंय, कुठल्या पाड्यावरचं. आम्हाला वाटायचं सगळ्याच घरांत असं लिहितात. पार्ल्याला परत आल्यावर शेजारच्या काकूंच्या सुपाची पाठ उलटून पाहिली, कोरी होती.

त्या नावांचा उपयोगही होई. एकदा आतोबांनी सुपावरच्या पाड्याचं नाव वाचून आम्हाला थेट विणणाऱ्याच्या दारात नेलं. त्या आजोबांनी बांबूबद्दल जे सांगितलं ते आजही पाठ आहे. कोवळा बांबू घेऊ नये, तो वाळताना आकसतो आणि त्याला भुंगा धरतो. तीन पावसाळे पाहिलेला घ्यावा. पावसात तोडू नये, पाऊस सरल्यावर, तोही अंधाऱ्या पंधरवड्यात तोडावा. त्यांनी कोयत्यानं बांबू उभा चिरला, मग त्या फाकीची पुन्हा फाक, पुन्हा फाक, आणि शेवटी पट्टी इतकी पातळ झाली की ती बोटाभोवती गुंडाळून त्यांनी धाकट्या भावाला अंगठी केली. घरातली कणगी त्यांनीच विणलेली. माणूस आत उभा राहील एवढी, शेणानं लिंपलेली, वर्षाचं भात पोटात घेऊन कोपऱ्यात उभी.

डहाणूची हातची कामं एवढ्यावर संपत नव्हती. चिंचणीला आतोबांचे चुलते राहत. तिथल्या गल्ल्यांतून चालताना घराघरातून पोलादावर छिन्नी चालवल्याचा आवाज यायचा. दागिन्यांचे साचे, ज्यांना तिथे सगळे ‘डाय’ म्हणतात, ते कोरण्याचं काम. पोलादाच्या ठोकळ्यावर पान, फूल, मोर उलटे कोरायचे, म्हणजे पत्रा ठोकल्यावर ते सुलटे उठतात. प्रवाशाला ती डाय विकत घेऊन काही उपयोग नाही, पण आमच्या आयांच्या कानातल्या कुड्यांची नक्षी कदाचित इथल्याच कुणाच्या नजरेतून उतरली असेल, हा विचार आम्हाला फार आवडे.

आणि कोसबाडची टेकडी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम 1957मध्ये कोसबाडला आलं, आणि ऐंशीच्या दशकात अनुताई तिथेच होत्या. आत्या दर सुट्टीत एकदा आम्हाला टेकडी चढवायची. बिया, शंख, पानं, काड्या, माती यांतून केलेली शिकवायची साधनं तिथे पाहिली. विकत घ्यायचं काही नसे. पण त्यानंतर सबंध सुट्टीभर आमची खेळणी आमच्या हातची असत.

मोठी खरेदी मात्र महालक्ष्मीच्या यात्रेत. चैत्री पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा भरते आणि पंधरा दिवस चालते. मुंबई-अहमदाबाद महामार्गाला लागून देऊळ, मागे मुसळ्या डोंगर. त्याच्या सुळक्यावर रात्री ध्वज चढतो. तो ध्वज जव्हारच्या मुकणे घराण्याकडून येतो आणि वाघाडीच्या सातवी कुळातला पुजारी तो घेऊन वर जातो. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड, पलीकडे गुजरातचे पाडे, सगळीकडची माणसं. पावसाळ्याची बेगमी इथूनच व्हायची. सुके बोंबील, सुकट, मिरच्या, मडकी, विळे, कोयते, टोपल्या, पाळणे, मण्यांच्या माळा. आम्ही शहरातून आलेले होतो, तरी आत्या आम्हाला पाहुण्यांसारखं फिरवत नसे. यादी हातात द्यायची. मडकं कुणी आणायचं, खराटा कुणी, हे ठरलेलं. मडकं वाजवून घ्यायचं, आवाज घुमला तर घ्यायचं, दबका आला तर चीर आहे समजायचं.

या सगळ्या खरेदीत एक गोष्ट कधी घडली नाही. आत्यानं दर पाडला नाही. भाजीवाल्याशी, कापडवाल्याशी ती तासभर घासाघीस करू शकायची, तिथे तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण पाड्यावरून आलेल्या बाईनं सुपाची जी किंमत सांगितली ती तिनं तशीच हातावर ठेवली. एकदा आमच्या मोठ्या काकूनं मधे तोंड घातलं, “अहो वन्सं, एवढे कशाला?” आत्यानं तिथे काही उत्तर दिलं नाही. रात्री जेवणं झाल्यावर आतोबा ओटीवर बसून बोलले, आणि त्या रात्री आम्ही भावंडांनी तलासरीचा इतिहास पहिल्यांदा ऐकला.

तलासरीच्या शाळेत असताना म्हाताऱ्या पालकांच्या तोंडून त्यांनी तो ऐकला होता. गरीब वारली आदिवासीला लग्न करायचं तर जमीनदाराकडून कर्ज घ्यावं लागे. त्या कर्जाच्या बदल्यात तो त्याच्या घरी फुकट राबायचा. तो एकटा नव्हे, लग्न करून आणलेली त्याची बायकोही. कर्ज कधी फिटत नसे, हिशेब सावकाराच्या वहीत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. मे 1945मध्ये झरी गावी, आजच्या तलासरी तालुक्यात, किसान सभेच्या झेंड्याखाली हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असं त्यांनी ठरवलं. शामराव आणि गोदावरी परुळेकर पाड्यापाड्यांवर फिरले, लग्नगडी मोकळे झाले. त्याच वर्षी गवतकापणीचा दर ठरवून मागितला गेला. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड मारला गेला. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहून ठेवलंय. ते पुस्तक 1970 साली आलं. आतोबांच्या कपाटात होतं, आम्ही ते पुढे कॉलेजात असताना वाचलं.

“आपल्या कामाचा दर आपण सांगायचा, यासाठी इथल्या माणसांनी गोळ्या खाल्ल्यात,” आतोबा काकूला म्हणाले. “सुपाचा दर ती सांगते आहे ना, तो ऐकायचा.” काकूनं मान हलवली. त्यानंतर आमच्या सबंध गोतावळ्यात हा रिवाज झाला, आणि पुढच्या पिढीतही बऱ्यापैकी टिकला.

चित्रं आमच्याकडे आली ती या सगळ्यानंतर. वारली चित्र हे विकत घ्यायची वस्तू मुळात नव्हतंच. घरात लग्न निघालं की कुडाच्या भिंतीवर शेण-गेरूचा हात फिरवून त्यावर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक काढायचा. तो काढायचा मान सवाशिणींचा. मधोमध पालघट देवी, तिच्या भोवती चौकटीची नक्षी, एका बाजूला घोड्यावर पंचशिऱ्या देव, सूर्य, चंद्र, फणी, झाडं, बाशिंग बांधलेली नवरा-नवरी. धवलेरी लग्नाची गाणी म्हणते, तीच लग्न लावते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. ज्या लग्नापायी माणूस जन्मभर गडी व्हायचा, त्याच लग्नाच्या भिंतीवर बायका हे एवढं मंगल काढत राहिल्या. आतोबांचं लग्नगड्यांबद्दलचं बोलणं आणि आत्यानं एका लग्नघरात दाखवलेला चौक, या दोन गोष्टी आमच्या मनात कायमच्या शेजारी-शेजारी बसल्या आहेत. त्या घरात चूल पेटलेली होती आणि धुरानं पांढऱ्या रेघा वरच्या बाजूला पिवळसर झाल्या होत्या. आम्ही हात लावणार तोच घरातल्या आजीनं आत्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि आम्ही हात मागे घेतले.

भिंतीवरचं कागदावर आलं ते सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. बिहारमधल्या 1966-67च्या दुष्काळात हस्तकलांसाठी काम करणाऱ्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी नावाच्या चित्रकाराला मधुबनीला पाठवलं होतं, तिथल्या बायकांना भिंतीवरची चित्रं कागदावर काढायला कागद द्यायला. तेच भास्कर कुलकर्णी पुढे आमच्या ठाणे जिल्ह्याच्या पाड्यांवर आले, राहिले. गंजाडला त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. जिव्यांचा जन्म तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. लहानपणी आई गेली आणि पोर बोलायचं थांबलं, मातीत बोटानं चित्रं काढून सांगायचं ते सांगायला लागलं, असं त्यांच्याबद्दल सांगतात. बायकांच्या या कलेत हात घालणारा पुरुष म्हणून आधी त्यांच्याकडे नवलानं पाहिलं गेलं. 1975 साली मुंबईत केमोल्ड दालनात त्यांची चित्रं लागली, 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार, आणि कितीतरी नंतर, 2011 साली, पद्मश्री. 15 मे 2018ला ते गेले. मासे धरायच्या जाळ्याचं त्यांचं चित्र ज्यानं पाहिलं असेल त्याला वेगळं सांगायला नको. सबंध कापडभर जाळं, आणि एकेक ताणा जिवंत.

आमच्या घरातलं चित्र म्हसे यांचं नाही. ते गंजाडजवळच्या एका पाड्यावरच्या तरुणाचं आहे, ज्याच्या अंगणात आम्ही एक अख्खी दुपार बसलो होतो. ती दुपार मला नीट सांगायची आहे.

मांजरपाटाचा तुकडा त्यानं आदल्या दिवशीच शेण आणि गेरू लावून वाळवून ठेवला होता. करवंटीत तांदळाचं वाटण, त्यात थोडा डिंक, पाण्यानं सारखं केलेलं. बांबूची एक बारीक काडी घेऊन त्यानं तिचं टोक दातांनी चावलं, धागे सुटेपर्यंत चावलं, आणि तोच कुंचला. पेन्सिलीची खूण नाही, पट्टी नाही. आधी मधे तारपा हे वाद्य फुंकणारा तारपावाला. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, वरचा खांद्यांचा, खालचा कमरेचा. गालफडं फुगलेली वाटावी एवढीच डोक्याची वाटोळी, आणि तोंडापासून निघालेला लांबलचक तारपा. मग त्याच्या पावलाशेजारून नाचणाऱ्यांची ओळ सुरू झाली. एक माणूस, त्याच्या कमरेला धरून दुसरा, मग तिसरी बाई, तिचा अंबाडा. वळण घेत घेत ओळ बाहेर पडत गेली. तारप्याकडे पाठ करायची नाही हा नाचाचा नियम आहे, आणि चित्रातल्या एकाही माणसानं तो मोडला नव्हता. पुढच्यांचे पाय जास्त वाकलेले, मागच्यांचे कमी, त्यामुळे ओळ खरोखर फिरते आहे असं वाटायला लागलं. काडी करवंटीत बुडवली की तो एकदा काठावर टेकवायचा, जास्तीचा थेंब गळू द्यायचा, मग कापडावर. इतक्या वेळात त्याच्या तोंडून एक शब्द नाही. आम्हीसुद्धा गप्प. आमच्यातली सगळ्यांत धाकटी तिथेच आत्याच्या मांडीवर झोपली.

नाच झाल्यावर त्यानं रिकाम्या जागा भरायला घेतल्या. विहीर, विहिरीवर बाई. ताडावर चढलेला माणूस. भात झोडपणारे. एका कोपऱ्यात मुंग्यांची रांग. मग काडी खाली ठेवली आणि बोलायला लागला. बोट ठेवून एकेक सांगायला लागला. ही बाई पाणी आणायला गेलीय पण तिचं लक्ष नाचाकडे आहे, म्हणून तिचा घडा वाकडा. ताडावरचा माणूस वरून नाच बघतोय. मुंग्या अंडी घेऊन वर चालल्यात, पाऊस जवळ आलाय, म्हणून झोडपणाऱ्यांची घाई. कोरा चहा आला. आत्यानं विचारलं, किती द्यायचे. त्यानं सांगितले तेवढे दिले. मग आतोबांनी पेन काढून कापडाच्या मागे त्याचं नाव लिहिलं आणि त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, पाड्याचंही लिहा. तेही लिहिलं. मग म्हणाला, बायकोचंही लिहा, गेरू तिनं लावलाय.

आम्ही त्या दिवशी विकत काय घेतलं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, कापड आणि त्यावरची ती सबंध हकिगत. आजही घरी कुणी पाहुणा चित्रापुढे उभा राहिला की आमच्यातलं कुणीतरी उठतं आणि वाकड्या घड्यापासून सुरू करतं.

तारपा मात्र आम्हाला मिळाला नाही. आतेभावाला तो फार हवा होता. वाळवलेला दुधी, बांबूच्या दोन नळ्या, ताडाच्या पानाचा लांब भोंगा, मेणानं सांधलेलं सगळं. तलासरीकडच्या एका तारपावाल्याला आतोबांनी विचारलं. त्यानं तो भावाच्या हातात दिला, फुंकायला लावला, चिमूटभर आवाज निघाला तेव्हा हसला, आणि परत घेऊन खुंटीला टांगला. नवं पीक आल्यावर नाच असतो, तेव्हा या, म्हणाला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो. रात्रभर नाचलो, पहाटे पाय जमिनीला लागेनात. भावानं पुन्हा कधी तारपा मागितला नाही. दुकानांतून हल्ली शोभेचे छोटे तारपे मिळतात, ते घ्यायला माझी काही हरकत नाही. पण ज्याला तो आवाज ऐकायचा असेल त्यानं भात कापून झाल्यावर जावं.

नव्वदच्या दशकात ही चित्रं सगळीकडे पसरली. शुभेच्छापत्रं, कुर्ते, पेले, चादरी, लग्नपत्रिका, शाळेच्या चित्रकलेच्या वह्या. आमच्या घरच्या मुलांनी सोसायटीच्या भिंतीवरही काढून पाहिली. याच काळात, 1991 साली, केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला, कारखान्यांवर बंधनं आली. चिकूच्या वाड्या आणि ताड राहिले ते बऱ्याच अंशी त्यामुळे. घोलवडच्या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. वारली चित्रांना ते त्याआधी, 2014 साली मिळालं, आदिवासींच्याच संस्थेच्या नावानं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला.

पण मानांकनाचा कागद दुकानात उभा राहून हातची रेघ आणि छापील रेघ वेगळी करून दाखवत नाही. ते ज्याचं त्यानं शिकावं लागतं. आत्यानं सुपाला जसं उन्हात धरायला शिकवलं, तसंच आतोबांनी चित्राला तिरपं धरायला शिकवलं. तिरप्या उजेडात हातचा पांढरा रंग कापडावर किंचित उठून दिसतो, छपाई सपाट असते. रेघ सुरू होते तिथे जाड आणि काडी सुकत गेली की बारीक होते. छापील रेघेची जाडी अखेरपर्यंत एक. दोन माणसं शेजारी घेऊन पाहावीत, हुबेहूब सारखी निघाली तर ती कुणी काढलेली नाहीत. कापडाला नाक लावावं. आणि मुख्य म्हणजे विचारावं, हे कुणी काढलं. ज्या दुकानाला याचं उत्तर देता येत नाही तिथून मी वारली चित्र घेत नाही, दुसऱ्यांनाही घेऊ नका असं सांगते. पानाफुलांची नक्षी निनावी असली तर एक वेळ चालेल. ही चित्रं ज्या गावच्या, ज्या घरच्या गोष्टी सांगतात ती गावं आणि ती घरं अजून तिथे आहेत, एसटीच्या अंतरावर आहेत.

आणि नावं आता पुष्कळ आहेत. जिव्यांचे मुलगे सदाशिव आणि बाळू म्हसे. शांताराम तुंबडा. गंजाडचेच राजेश वांगड, ज्यांनी गौरी गिल यांच्या छायाचित्रांवर आपल्या रेघांनी ते काढलं जे कॅमेऱ्याला दिसलं नव्हतं. मयूर आणि तुषार वायेडा हे भाऊ, ज्यांची चित्रं परदेशातल्या दालनांत लागतात आणि जे पाड्यावरच्या जुन्या माणसांकडून ऐकलेल्या कथा चित्रांत आणतात. पॅरिसमध्ये 1989 साली झालेल्या जगभरातल्या कलावंतांच्या मोठ्या प्रदर्शनात जिव्या म्हसे होते. 2003 साली जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताबरोबर त्यांची चित्रं लागली. हे वर्तमानपत्रात वाचलं तेव्हा आत्या आजारी होती. तिला कात्रण वाचून दाखवलं. तिनं विचारलं, नाव नीट छापलंय का. नीट छापलं होतं.

आत्या-आतोबा आता नाहीत. मल्याणचं घर आतेभावाकडे आहे. गेल्या वर्षी आम्ही सगळी तिथे जमलो आणि माळा उतरवला. सुपं निघाली, रोवळ्या निघाल्या, बऱ्याच वाळवीनं खाल्लेल्या. पाठीवरची अक्षरं जिथे शाबूत होती ती मुलांनी मोबाइलवर टिपली. भाचीनं त्यातली पाड्यांची नावं वेगळ्या कागदावर उतरवली आणि दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन मोटारीनं निघाली. काही पाडे सापडले. एका घरी सूप विणणाऱ्याचा नातू भेटला. तो विणत नाही, बोईसरला कारखान्यात जातो, पण त्याची आई अजून रोवळ्या करते. भाचीनं रोवळी घेतली, सांगितलेल्या दरानं.

तिथून ती गंजाडला गेली. तिनं नुकतंच विरारला घर घेतलंय आणि बाहेरच्या खोलीची एक भिंत तिनं मोकळी ठेवलीय. ज्या तरुणानं आमच्यासमोर चित्र काढलं होतं तो आता साठीचा आहे, सून आणि मुलगा दोघंही चित्रं काढतात. भिंतीवर काढायला सून येईल असं ठरलंय. तिनं भिंतीची लांबी-रुंदी विचारली, खिडकी कुठल्या बाजूला आहे ते विचारलं, आणि भिंतीला आधी प्लॅस्टिक रंग लावू नका, आम्ही येऊन गेरूचा हात देऊ, असं बजावलं. भात कापून झोडपून झालं की येते म्हणाली. चित्रात काय हवंय ते तोवर ठरवून ठेवायचंय. भाचीला रेल्वे हवी आहे, वैतरणेच्या पुलावरची. आतेभाऊ म्हणतो, सूप निवडणारी आत्या हवी, आणि विकणारी बाईही. सून म्हणाली, दोन्ही बसेल, भिंत मोठी आहे.